'विकारविलसित' वाचण्यापूर्वी

मराठी वाचक हॅम्लेट वाचायला बसला की पहिल्याच अंकात एके ठिकाणी चकतो, आणि आपण चकलो हे त्याच्या ध्यानातही येत नाही. बापाला जाऊन पुरते दोन महिने झाले नाहीत तोच आईने दुसरे लग्न केले, म्हणून राजपुत्र आतल्या आत जळतो आहे. हे वाचून आपण लगेच मान डोलावतो. विधवा आईने लग्न केले, मुलाला राग आला. त्यात न समजण्यासारखे काय आहे? आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अशा बाईला ब्राह्मण आळीत कोणी दारात उभे केले नसते. हॅम्लेटचा राग आपल्याला घरचा वाटतो आणि तिथेच नाटक हातातून निसटते. शेक्सपियरच्या लंडनात विधवेने लग्न करणे ही बोलण्यासारखी गोष्टच नव्हती.

त्या शहरात माणसे लवकर मरत. १५९२ ते ९४ आणि पुन्हा १६०३ मध्ये प्लेगने इतका कहर केला की नाटकगृहांनाही टाळे लागले. सावत्र बाप, सावत्र आई घरोघरी असत. कारागिराची विधवा म्हणजे चालते दुकान, हत्यारे आणि बांधलेले गिऱ्हाईक. नवऱ्याच्या हाताखाली शिकून तयार झालेला गडी तिच्याशी लग्न करी आणि मालक होऊन बसे. लोक फार तर घाईला हसत. ग्लोब नाटकगृहात एक पेनी देऊन उभ्याने नाटक पाहणाऱ्यांतल्या कित्येकांच्या आयांनी दोनदा लग्न केलेले असणार.

मग हॅम्लेट एवढा पेटतो कशाने? नवा नवरा दीर आहे म्हणून.

इंग्लंडच्या चर्चचा या बाबतीतला कायदा स्पष्ट होता. आर्चबिशप पार्करने १५६३ मध्ये निषिद्ध नात्यांचा तक्ता काढला. कोणी कोणाशी लग्न करायचे नाही त्याची ती यादी, आणि ती चर्चमध्ये लोकांच्या नजरेस पडेल अशी लावलेली असे. भावाची बायको त्या यादीत होती. ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या हिशेबी नवरा-बायको एकदेह होतात, म्हणून दीर सख्ख्या भावाच्या ठिकाणी. हॅम्लेट आईच्या लग्नाला जो शब्द लावतो तो व्यभिचाराहून जड आहे, तो अगम्यगमनाचा आहे. आपल्याकडे उत्तरेत काही जातींत मोठा भाऊ वारल्यावर वहिनीवर चादर घालण्याची रीत होती, तिथल्या प्रेक्षकाला हे नाटक कसे दिसले असते याची कल्पना करून पाहावी.

या नियमाला इंग्लंडात राजकारणाची धारही होती. आठव्या हेन्रीने १५०९ मध्ये आपला मेलेला थोरला भाऊ आर्थर याच्या विधवेशी, कॅथरिनशी, पोपची खास परवानगी काढून लग्न केले. मुलगा होईना तेव्हा हे लग्न मुळातच पाप होते असे त्याला वीसेक वर्षांनी आठवले. पोप ऐकेना, म्हणून त्याने पोपशीच नाते तोडले आणि अॅन बोलीनला राणी केले. सप्टेंबर १५३३ मध्ये एलिझाबेथ जन्मली. म्हणजे एलिझाबेथ औरस ठरायची तर भावाच्या विधवेशी केलेले लग्न हे लग्नच नव्हे, असे धरूनच चालावे लागे. तिच्याच राज्यात, तिच्याच सरदाराच्या आश्रयाखालची मंडळी रंगमंचावर दिराशी लग्न केलेली राणी उभी करतात आणि तिला पापी म्हणतात. इतके बिनधोक पाप शेक्सपियरला दुसरे सापडले नसते.

बिनधोक नव्हती ती दुसरी गोष्ट, गादीची. नाटक १६०० ते १६०१ च्या सुमारास उभे राहिले तेव्हा एलिझाबेथ सदुसष्ट वर्षांची होती. लग्न नाही, मूल नाही, वारस जाहीर नाही, आणि वारस कोण याची चर्चा करणे कायद्याने गुन्हा. फेब्रुवारी १६०१ मध्ये एसेक्सच्या सरदाराने बंड केले. त्याच्या आदल्या दिवशी त्याच्या माणसांनी शेक्सपियरच्याच मंडळीला जादा पैसे देऊन दुसऱ्या रिचर्डचे नाटक करायला लावले होते, ज्यात राजाला गादीवरून खाली खेचतात. वारसाबद्दलच्या कुजबुजीत जे नाव सर्वांत पुढे होते ते स्कॉटलंडच्या जेम्सचे. या जेम्सच्या बापाचा फेब्रुवारी १५६७ मध्ये खून झाला, आणि ज्याच्यावर संशय होता त्या बॉथवेलशी आई मेरीने तीनेक महिन्यांनी लग्न लावले. जेम्सची बायको पुन्हा डेन्मार्कची राजकन्या. कथा मात्र शेक्सपियरच्या घरची नव्हती. बाराव्या-तेराव्या शतकाच्या सांध्यावर सॅक्सो या डॅनिश इतिहासकाराने ती लॅटिनमध्ये लिहिली, १५७० मध्ये बेलफोरेने फ्रेंचमध्ये आणली आणि लंडनात शेक्सपियरच्या आधीही एक हॅम्लेट होऊन गेला होता. जुनी, परक्या देशातली गोष्ट म्हणून सांगितली की बरेच काही बोलता येते. आपल्या गद्य नाटकाने कीचकाला उभे करून कर्झनला ऐकवले, त्याच जातीचे हे काम.

आता हे नाटक मराठीत आणणाऱ्या माणसासाठी सातारा जिल्ह्यात येऊ. कराडजवळ कृष्णाकाठी टेंभू नावाचे गाव आहे. १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकर तिथे जन्मले. त्याच जुलै महिन्यात कलकत्त्यास हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा मंजूर झाला. कायदा झाला तरी रूढी जागची हलली नाही. कुणबी, माळी, धनगर यांच्यात पाट आणि मोहोतूर आधीपासून लागत होते. ब्राह्मणांत आणि कुळीचा अभिमान धरणाऱ्यांत विधवा कोपऱ्यातच राहिली. वाईजवळच्या बावधनचे विष्णुशास्त्री पंडित यांनी या कामात स्वतःला झोकून दिले. त्यांच्या मंडळाने १८६९ मध्ये पुनर्विवाह लावला तेव्हा त्यात सामील झालेल्यांवर बहिष्कार आला आणि पुढच्याच वर्षी पुण्यात शंकराचार्यांसमोर शास्त्रार्थाचा मोठा फड रंगला. आगरकर कराडला शिकत होते त्या काळातले हे प्रकरण. पुढे 'केसरी'त आणि १८८८ पासून 'सुधारका'त केशवपनाविरुद्ध आणि पुनर्विवाहाच्या बाजूने ज्या त्वेषाने त्यांनी लिहिले, त्याबद्दल सनातन्यांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली.

अशा माणसाने १८८३ मध्ये 'विकारविलसित' हे हॅम्लेटचे भाषांतर छापले. पात्रांना नावे आपल्याकडची दिली. या प्रस्तावनेत मी सोयीसाठी मूळ नावेच वापरतो आहे.

तिसऱ्या अंकातला नाटकातल्या नाटकाचा प्रवेश, आपण कुठे चकतो हे पाहण्यासाठी, मुद्दाम सावकाश वाचावा. फिरत्या नटांकडून हॅम्लेट एक जुना खेळ करवून घेतो. त्यातली राणी आजारी राजाला शपथेवर सांगते की तुमच्यामागे मी दुसरा नवरा केला तर मी शापित होवो. पहिल्याला मारल्याशिवाय दुसऱ्याशी लग्न करणारी बाई नसते, दुसऱ्याने मला जवळ घेणे म्हणजे मेलेल्याला पुन्हा मारणे. लंडनच्या प्रेक्षकाला ही शपथ अतिशयोक्त, जुन्या वळणाची, थोडी हास्यास्पद वाटली असणार. समोर बसलेली हॅम्लेटची आई गर्ट्रूडही, ही बाई जरा जास्तच आणाभाका घेते, अशा अर्थाचे बोलून जाते. आता हीच शपथ १८८० नंतरच्या पुण्यात किंवा साताऱ्यात म्हणून पाहा. ती थेट शास्त्रीबुवांच्या तोंडची होते. पुराणिकाने देवळात सांगावे तेच नाटकातली राणी सांगते, आणि गर्ट्रूडचा टोमणा निर्लज्जपणाचा दाखला ठरतो. पुनर्विवाहासाठी जन्मभर भांडलेल्या आगरकरांनी ज्या प्रेक्षकाच्या हाती हे नाटक दिले, तो प्रेक्षक त्यातून नेमका उलटा धडा घेऊन घरी जाण्याचा पुरेपूर धोका होता. टाळ्या बरोबर जागी पडत असतील, कारण मात्र चुकीचे असेल.

माझे मत असे की आगरकरांना हा धोका कळत होता आणि तरीही त्यांनी तो पत्करला. ते कीर्तनकार नव्हते. त्यांना माणसाच्या मनात विकार कसे उसळतात आणि विचाराला कसे खाऊन टाकतात याचे कुतूहल होते, आणि यासाठी हॅम्लेटपेक्षा मोठी प्रयोगशाळा कुठे मिळणार? शिवाय गर्ट्रूडचा दोष ती विधवा असून लग्न करते हा नाही, ती कोणाशी आणि किती डोळे मिटून करते हा आहे, हे कळण्याइतका वाचक तयार व्हावा हीच तर त्यांची धडपड. पण वाचक तेव्हा तयार नव्हता आणि आजही कितपत आहे याची मला शंका आहे. म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबली तरी चालेल असे समजून लिहितो आहे.

दिराचे प्रकरण मराठी वाचकाला परके, पण भावाची गादी भावाने घेण्याचे प्रकरण साताऱ्याला कोणी शिकवायला नको. छत्रपती प्रतापसिंह महाराजांवर इंग्रजांनी कटाचे आरोप ठेवले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेबांशी पत्रव्यवहार, पलटणीतल्या शिपायांना फितवणे अशी ती यादी होती. गुन्हा कबूल करा म्हणजे गादी राहील, असे सांगितले असता महाराजांनी नकार दिला. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले आणि त्यांचे धाकटे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसवले. प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीतच वारले. रंगो बापूजी गुप्ते त्यांची बाजू मांडायला लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे अर्ज, सभा, पत्रके करत राहिले. थोरल्या महाराजांचा न्याय मागत एक माणूस परक्या राजधानीत म्हातारा झाला. १८५७ च्या सप्टेंबरात त्यांचा मुलगा सीतारामपंत याच्यासह सतरा जणांना साताऱ्याच्या गेंडामाळावर मृत्युदंड दिला गेला. आगरकर तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाचे होते.

आगरकरांनी सातारच्या गादीवर रूपक रचले असे मला सुचवायचे नाही. तसले कोडे सोडवण्यात अर्थ नसतो. पण ज्या मुलखात म्हातारे लोक अजून 'थोरले महाराज' म्हणत उसासा टाकत, तिथे वाढलेल्या माणसाला हॅम्लेटचे एल्सिनोर फार लांबचे वाटले नसेल. आणि कोल्हापूर तर ताजेच होते. दत्तक गेलेला तरुण राजा चौथा शिवाजी वेडा ठरवला गेला होता. कारभार दिवाण माधवराव बर्वे यांच्या हाती. महाराजांना छळून वेडे केले जात आहे असे 'केसरी' आणि 'मराठा'ने छापले. त्यासाठी जी पत्रे पुरावा म्हणून धरली ती बनावट निघाली, अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि टिळक-आगरकर १८८२ च्या जुलैत मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात गेले. सवलत धरून १०१ दिवस. हॅम्लेटच्या भाषांतराचे काम त्या कोठडीतल्या दिवसांतही चालू होते. वेडा ठरवलेल्या राजपुत्रापायी तुरुंगात बसलेला संपादक वेडाचे सोंग घेतलेल्या राजपुत्राची भाषणे मराठीत करतो आहे, असे दुसऱ्या कोणत्या भाषेत घडल्याचे मला माहीत नाही. त्या नाटकात हॅम्लेटही बनावट पत्रच लिहितो, पण त्याचे काम फत्ते होते. कोल्हापूरचा राजा १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत मेला. 'विकारविलसित' प्रसिद्ध झाले तेच हे वर्ष.

भुताबद्दल थोडक्यात. प्रॉटेस्टंट इंग्लंडने पर्गेटरी म्हणजे पापक्षालनाचा मधला लोक धर्मातून काढून टाकला होता. मेलेला माणूस एक तर स्वर्गात, नाही तर नरकात. मधून उठून येणार कुठून? मग जे दिसले ते सैतानाचे सोंग असू शकते. हॅम्लेट शिकला विटेनबर्गला, म्हणजे ल्यूथरच्या गावी, आणि बापाचे भूत मात्र जुन्या कॅथलिक पर्गेटरीतून आल्यासारखे बोलते. मुलगा सूड घ्यायला इतका वेळ का लावतो, याचे एक उत्तर या धर्मकलहात आहे: साक्षीदारच भरवशाचा आहे की नाही हे त्याला ठरवता येत नाही. आपल्या प्रेक्षकाला ही अडचण कळत नाही. कृष्णा-वारणेच्या संगमावर, हरिपूरला, पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहणाऱ्याला अतृप्त बाप परत येतो याचा पुरावा लागत नाही. त्याला हॅम्लेट चालढकल करतो असेच वाटते. मिल आणि स्पेन्सर वाचून देवाबद्दलही साशंक झालेल्या आगरकरांना हे भूत मराठीत आणताना काय वाटले असेल, हे मला त्यांना विचारायला आवडले असते.

हरिपूरचा उल्लेख आलाच आहे तर गोविंद बल्लाळ देवलांना वगळून पुढे जाता येत नाही. ते तिथले, आगरकरांहून आठ महिन्यांनी मोठे. सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' केले, त्याच मातीतले. शेक्सपियरचे नट कागदोपत्री कुणा सरदाराचे नोकर असत, कारण १५७२ च्या कायद्याने बिनमालकाचा नट म्हणजे भटक्या, फटके खाण्यास पात्र. भाव्यांचाही आधार आश्रयदाताच होता: १८५१ मध्ये आप्पासाहेब वारले, आश्रय सुटला आणि मंडळींना गावोगाव फिरून तिकिटांवर पोट भरावे लागले. आश्रयदाता गेला म्हणून धंदेवाईक रंगभूमी जन्माला आली, असा हा विचित्र उपकार. देवलांनी १८८६ मध्ये सदर्नच्या 'फेटल मॅरेज'वरून 'दुर्गा' लिहिले. मूळ कथेत नवरा मेला असे समजून बाई दुसरे लग्न करते आणि पहिला नवरा परत येतो. चार वर्षांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 'ऑथेल्लो' १८६७ मध्येच मराठीत आणला होता. देवलांनी तो नटांच्या तोंडी बसवला. ते स्वतः तालीममास्तर होते, वाक्य कुठे तुटते आणि श्वास कुठे घ्यायचा हे जाणणारे. भाषांतरकार म्हणून आगरकर जास्त विद्वान, नाटककार म्हणून देवल जास्त कसबी. एकाची प्रत टेबलावर वाचावी, दुसऱ्याची पायावर उभे राहून.

तरी आगरकरांचे पुस्तक टेबलावर राहिले नाही ते साताऱ्याच्या नावाने चालणाऱ्या शाहूनगरवासी नाटक मंडळीमुळे. शाहूनगर म्हणजे साताराच. संगीताच्या लाटेत इतर सगळे वाहत असताना या मंडळीने गद्य नाटके जिवंत ठेवली. गणपतराव जोशी हॅम्लेट करत, झुंजारराव करत, शिवराम महादेव परांजप्यांच्या 'मानाजीरावा'त मॅक्बेथ करत. समोर स्त्रीभूमिकेत बळवंतराव जोग. शेक्सपियरच्या लंडनात ऑफेलिया आणि गर्ट्रूडही पोरेच करत, त्यामुळे या बाबतीत सातारकरांचा प्रयोग त्या वेळच्या इंग्रजी प्रयोगांपेक्षा मुळाच्या जवळ होता, हे बायका रंगमंचावर नसण्याचे समर्थन न करताही म्हणता येते. हॅम्लेट आईला तिच्या दालनात फैलावर घेतो तो प्रवेश दोन पुरुष करत आहेत आणि प्रेक्षागृहात एका बाजूला अलवणातल्या विधवाही बसल्या आहेत, असे चित्र डोळ्यांपुढे आणले तर त्या प्रवेशाचा ताण वेगळाच जाणवतो. गर्ट्रूडला स्वतःची बाजू मांडणारे एकही भाषण शेक्सपियरने दिलेले नाही. नवऱ्याच्या खुनाची तिला कल्पना होती का, हेही तो उघड सांगत नाही. आपल्याकडच्या न्यायनिवाड्यांतही विधवेची जबानी फारशी नोंदली जात नसे.

आता शेवटचा प्रवेश. डेन्मार्कचे राजघराणे एकमेकांना मारून जमिनीवर पडले आहे आणि दारातून फोर्टिनब्रास येतो, नॉर्वेचा राजपुत्र, सैन्यासह. त्याला लढावे लागत नाही. रिकामी गादी समोर आहे, जुना हक्क सांगतो आणि घेतो. मरता मरता हॅम्लेटही त्यालाच कौल देतो. हे पात्र प्रयोगात नेहमी कात्रीखाली जाते. एकोणिसाव्या शतकातले लंडनचे मोठमोठे नट ते गाळत, कारण हॅम्लेट मेल्यावर पडदा पडला की टाळ्या नटाला. १८९७ मध्ये फोर्ब्ज-रॉबर्टसनने त्याला परत आणले. माझ्या मते फोर्टिनब्रासशिवाय हे फक्त एका कुटुंबाचे दुःख उरते, राज्य बुडाल्याचे नाटक राहत नाही. साताऱ्यातही तेच झाले. एप्रिल १८४८ मध्ये शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज औरस मुलाशिवाय वारले. मृत्युशय्येवर घेतलेला दत्तक डलहौसीने मानला नाही आणि सातारा खालसा झाला. थोरला भाऊ काशीत गेलेला, धाकटा साताऱ्यात गेलेला, आणि कंपनीला एक गोळीही झाडावी लागली नाही.

साताऱ्यात, कराडात किंवा सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात कोणी हौशी मंडळी हे नाटक पुन्हा उभे करणार असतील तर वेळेत बसवण्यासाठी कात्री लावावी लागेलच, चार हजारांच्या घरातल्या ओळी आजचा प्रेक्षक ऐकणार नाही. पोलोनियसचा उपदेश निम्मा करा, नटांशी चाललेल्या लांबलचक गप्पा कमी करा, त्याला माझी हरकत नाही. फोर्टिनब्रासला हात लावू नका, आणि गर्ट्रूडला खलनायिका करू नका.